नेव्हिल डिसोझा

नांद्यासारख्या गावात भाताची कापणी झाली, की खाचरे मोकळी होतात. मग मुले तेथे चेंडू खेळू लागतात. त्यांच्या पायांत बूट नसतात. एके काळी आपल्या देशाचा फुटबॉल संघही असाच अनवाणी खेळत असे. त्याच देशाचा एक खेळाडू पुढे ऑलिंपिकमध्ये चमकला. त्याचे नाव नेव्हिल डिसोझा.

नेव्हिल यांचा जन्म 1932 साली झाला. त्यांचे घराणे मूळचे गोव्यातील आसगावचे. पण त्यांचा खेळ बहरला तो मुंबईत. ते टाटा स्पोर्ट्स क्लबकडून आणि पुढे कॅल्टेक्सकडून खेळले. त्या काळी फुटबॉलवर पोट भरणे कठीण होते. बरेच खेळाडू एखाद्या कंपनीत नोकरी करीत आणि तिच्या संघाकडून खेळत. मुंबईच्या संघाने 1954 मध्ये संतोष करंडक जिंकला. त्या संघात नेव्हिल होते.

1952 साली हेलसिंकी येथे युगोस्लाव्हियाने भारताचा 10-1 असा पराभव केला होता. आपले बहुतेक खेळाडू तेव्हा अनवाणी खेळले होते. या पराभवातून आपण धडा घेतला आणि खेळाडूंनी बूट घालून खेळण्याचा सराव केला. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे. ते पेशाने शिक्षक होते. त्यांनी संघाला शिस्त लावली, चेंडू अचूक एकमेकांकडे देण्याचे महत्त्व शिकवले.

1956 साली मेलबर्नला ऑलिंपिक सामने झाले. हंगेरीने माघार घेतल्यामुळे भारत थेट उपान्त्यपूर्व फेरीत गेला. 1 डिसेंबर रोजी यजमान ऑस्ट्रेलियाशी सामना झाला. समर बॅनर्जी कर्णधार होते आणि नेव्हिल आघाडीच्या मध्यभागी खेळत होते. त्यांनी त्या दिवशी तीन गोल केले! ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले. भारताने सामना 4-2 असा जिंकला.

उपान्त्य फेरीत पुन्हा युगोस्लाव्हियाच समोर आला. मध्यंतरापर्यंत एकही गोल झाला नव्हता. मध्यंतरानंतर पहिला गोल नेव्हिल यांनी केला. क्षणभर साऱ्यांच्या आशा पल्लवित झाल्या. पण युगोस्लाव्हियाने चार गोल करून सामना जिंकला. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने भारताला 3-0 असे हरवले. पदक हुकले, तरी आपला देश चौथा आला. एकूण चार गोल करून नेव्हिल त्या स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांपैकी एक ठरले. त्यांचे धाकटे भाऊ डेरेक हेही भारताकडून खेळले.

1961 साली अर्जुन पुरस्कार सुरू झाले. पुढे त्यांच्या काही सोबत्यांना ते मिळाले. नेव्हिल यांना मात्र तो मान मिळाला नाही. 1980 साली, वयाच्या अवघ्या 47 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आज फुटबॉल खेळणाऱ्या पुष्कळ मुलांना त्यांचे नावही माहीत नाही.

मुलांनो, मैदानावरील टाळ्या लवकर विरून जातात. ज्यांनी देशासाठी घाम गाळला, त्यांची आठवण ठेवणे हे मात्र आपल्या हाती असते. उद्या खाचरात चेंडू मारताना हे नाव एकदा तरी आठवा.