देह वैरी नव्हे : संत ऑगस्टिन

दरवर्षी २८ ऑगस्ट रोजी आपण संत ऑगस्टिन ह्यांचा सण साजरा करतो. तरुणपणी वाट चुकलेला आणि आई मोनिकाच्या अश्रूंनी परत आलेला मुलगा, ही त्यांची ओळख आपल्याला लहानपणापासून आहे. परंतु देह आणि वासना ह्यांविषयीच्या ख्रिस्ती विचारावर त्यांची मोठी छाप आहे. ती बाजूही आपण पाहू या.

त्यांचा जन्म ३५४ साली उत्तर आफ्रिकेतील थागास्ते ह्या गावी झाला. आज हा भाग अल्जेरियात आहे. शिक्षणासाठी ते कार्थेजला गेले. तेथे त्यांनी एका स्त्रीबरोबर लग्नाविना संसार मांडला. त्यांना मुलगा झाला, अदेओदातुस, म्हणजे देवाने दिलेला. त्याच काळात ते मानी नावाच्या पंथसंस्थापकाच्या शिकवणीच्या नादी लागले. आत्मा प्रकाशाचा आणि देह अंधाराचा, म्हणून मूल जन्माला घालणे वाईट, असे हा पंथ मानी. ऑगस्टिन सुमारे नऊ वर्षे त्या पंथात होते आणि घरात त्यांचा मुलगा वाढत होता.

३८४ साली ते मिलानला अध्यापक झाले. तेथे त्यांचे लग्न ठरले, आणि दहा वर्षांहून अधिक काळ साथ देणाऱ्या त्या स्त्रीला आफ्रिकेला परत पाठवण्यात आले. पुन्हा कोणा पुरुषाचा संग करणार नाही, असे व्रत घेऊन ती गेली. मुलगा वडिलांजवळ राहिला. वधू लहान असल्याने दोन वर्षे थांबायचे होते. तेवढाही धीर ऑगस्टिन ह्यांना धरवला नाही. त्यांनी दुसरी स्त्री जवळ केली. हे सारे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. त्या पहिल्या स्त्रीचे नाव मात्र लिहिले नाही.

३८७ साली पास्काच्या जागरणविधीत संत अंब्रोज ह्यांनी पितापुत्रांना एकत्रच स्नानसंस्कार दिला. ऑगस्टिन ह्यांनी लग्नाचा विचार सोडला. पुढे ते धर्मगुरू आणि नंतर हिप्पोचे बिशप झाले. संत जेरोम कौमार्याची थोरवी गाताना विवाहाला फार कमी लेखत. ऑगस्टिन ह्यांनी मात्र सुमारे ४०१ साली विवाहाच्या बाजूने पुस्तक लिहिले. अपत्य, एकनिष्ठा आणि पवित्र बंधन ही विवाहाची तीन वरदाने त्यांनी सांगितली. तरीही, आदामाच्या पतनापासून कामवासना बिघडली आहे, हे ते अखेरपर्यंत सांगत राहिले. त्याची सावली पुढे कित्येक पतिपत्नींच्या मनावर पडली, हे आपण मान्य केले पाहिजे.

४१० साली गॉथ टोळ्यांनी रोम लुटले. स्त्रियांवर, अगदी व्रतस्थ कुमारिकांवरही, अत्याचार झाले. लोक कुजबुजू लागले. अशा स्त्रीने जीव देणे जुन्या रोममध्ये थोर मानले जाई. ऑगस्टिन ह्यांनी 'देवाचे नगर' ह्या ग्रंथाच्या आरंभीच हे खोडून काढले. शुद्धता मनाच्या संमतीवर असते. बळजबरीने ती हिरावून घेता येत नाही, असे त्यांनी पटवून दिले.

आम्ही धर्मगुरू ब्रह्मचर्य पाळतो ते देहाच्या तिटकाऱ्यापोटी नव्हे. प्रभूने स्वतः देह धारण केला आहे. म्हणून कोणा मुलीवर अत्याचार झाला, तर तिच्याकडे बोट दाखवण्याआधी आपण हा संत आठवू या. आणि ह्या सणाला अदेओदातुसच्या अनाम आईसाठीही प्रार्थना करू या.