कॅप्टन जेकब आणि पुण्याचे आकाश

उन्हाळ्यात यवतमाळला गच्चीवर झोपणाऱ्यांना वृश्चिकाचा आकडा ओळखीचा असतो. त्याच्या डोक्याजवळ एक मंद तारा आहे. साध्या डोळ्यांना तो एकच दिसतो. दुर्बिणीतून त्याचे दोन होतात, हे ठाऊक होते. १८४७ साली कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब यांना त्यात तिसराही सापडला. या इंग्रज खगोलशास्त्रज्ञांची ओळख आज आपण करून घेऊ.

त्यांचा जन्म १९ नोव्हेंबर १८१३ रोजी इंग्लंडमध्ये सॉमरसेट परगण्यातील वूलाविंग्टन येथे झाला. वडील तेथील अँग्लिकन धर्मगुरू. जेकब कंपनी सरकारच्या लष्करात इंजिनिअर होऊन मुंबई इलाख्यात आले व १८४२ मध्ये त्यांनी पुण्यात स्वतःची वेधशाळा थाटली. दुर्बीण अवघी पाच फुटी! तिच्यावर त्यांनी २४४ जोडताऱ्यांची यादी केली. पुढे नोकरी सोडली आणि १८४८ च्या अखेरीस ते मद्रास वेधशाळेचे प्रमुख झाले.

मद्रासला असताना, १८५५ मध्ये, त्यांनी एक धाडसी विधान केले. भुजंगधारी तारकासमूहातील एका जोडताऱ्याची चाल गणिताशी जुळत नव्हती. तेव्हा न दिसणारा एखादा ग्रह त्याला ओढत असावा, असे त्यांनी मांडले. तो ग्रह पुढे कोणालाच सापडला नाही. तरी आम्हाला त्यांच्या साऱ्या याद्यांपेक्षा हीच गोष्ट मोठी वाटते. सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती ग्रह असल्याची खात्री पटली ती १९९५ साली, आणि तीही ताऱ्याची चाल तपासूनच.

प्रकृती साथ देईना, म्हणून १८५९ मध्ये त्यांनी मद्रास सोडले. पण मन इकडेच होते. उंचावर हवा विरळ, तारे स्थिर दिसतात. पुण्याच्या परिसरात ५००० फूट उंचीवर वेधशाळा उभारण्याची त्यांची योजना ब्रिटिश पार्लमेंटने उचलून धरली आणि १८६२ मध्ये १००० पौंड मंजूर केले. नऊ इंची दुर्बीण मात्र जेकब यांनी पदरच्या पैशाने घेतली व तीन वर्षे काम करण्याचे कबूल केले.

८ ऑगस्ट १८६२ रोजी ते मुंबईला उतरले. भर पावसाळा, तारे दिसायला महिना-दोन महिने थांबावेच लागले असते. पुण्याला पोहोचले आणि १६ ऑगस्टला वारले. वय ४८. मागे पत्नी एलिझाबेथ, सहा मुलगे व दोन मुली राहिल्या.

पुण्यात पुढे मोठी वेधशाळा झाली ती १८८८ मध्ये, कावसजी नायगमवाला यांच्या हातून.