हार्वींचा निळा उजेड
अमेरिकन जीवशास्त्रज्ञ न्यूटन हार्वी यांचा जन्म १८८७चा. १९१६ मध्ये लग्नानंतर ते पत्नी एथेल यांच्यासह जपानला गेले. तिथल्या समुद्रात त्यांना सायप्रिडिना सापडला. जेमतेम तीन मिलिमीटरचा हा कवचधारी जीव पाण्यात निळा उजेड सोडतो. वाळवलेली त्याची पूडही पाणी लागताच उजळते. प्रिन्स्टन विद्यापीठात हार्वींनी अशाच उजेडावर आयुष्य वेचले. १९५९ मध्ये ते वारले.

हा उजेड घडवणारे ल्युसिफरेज हे प्रथिन पेशीबाहेर स्रवते. त्याचे जनुक १९८९ मध्ये हाती आले. आता ते प्रयोगशाळेतल्या पेशींत घालून भोवतालच्या द्रवातला उजेड मोजतात. पेशीने प्रथिन किती बाहेर टाकले, हे तिला न मारता कळते. टाइप-२ मधुमेहात इन्सुलिनचे असे बाहेर पडणेच अडखळते. त्याच्या अभ्यासातही स्रवणारे ल्युसिफरेज वापरतात. माझ्या ओपीडीतल्या रुग्णांशी हार्वींचे नाते जुळते ते इथे.