भाई कोतवाल : एका भूमिगत जीवनाचा अखेरचा अंक

हेरकथा वाचताना शेवटाकडून आपली एक ठरावीक अपेक्षा असते. पाठलाग कितीही जवळ आला तरी नायक निसटेल आणि फितूर उघडा पडेल. हीच अपेक्षा ठेवून विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांचे चरित्र वाचावयास घेतले, तर अखेरीस आपण अस्वस्थ होतो. या अस्वस्थतेचा थोडा विचार करू.

कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरान येथे एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. कायद्याची पदवी मिळवूनही ते माथेरानच्या नगरपालिकेत आणि कर्जत परिसरातील शेतकऱ्यांच्या कामात रमले. त्यांनी गावांत शाळा काढल्या. सावकारापुढे हात पसरणाऱ्या कुळांसाठी धान्यकोठी उभारली. साहसाच्या ओढीने हा भाग भरभर ओलांडू नये. पुढे डोंगरातील माणसांच्या आधारावाचून भूमिगतांचा एक दिवसही निभला नसता, आणि तो विश्वास येथेच कमावलेला होता.

१९४२ च्या आंदोलनात ते भूमिगत झाले व त्यांनी आझाद दस्ता उभारला. खालापूर तालुक्यातील खोपोली आणि कर्जत तालुक्यातील भिवपुरी येथे घाटावरून सोडलेल्या पाण्यावर वीज तयार होई व ती मुंबईच्या गिरण्यांना मिळे. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात दस्त्याने वीजवाहिन्यांचे मनोरे पाडले. सरकार हादरले, शोध सुरू झाला.

२ जानेवारी १९४३ च्या पहाटे, खबर मिळालेल्या पोलिसांनी मुरबाड तालुक्यातील सिद्धगडच्या रानात दस्त्याला वेढले. कोतवाल आणि हिराजी पाटील गोळ्यांना बळी पडले. कोतवालांना तिसावे वर्ष पूर्ण होऊन जेमतेम महिना झाला होता.

जॉन ल कॅरे यांच्या १९६३ मधील ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ या कादंबरीत लीमस बर्लिनच्या भिंतीवरून परत खाली उतरतो आणि मारला जातो. तो शेवट कितीही बोचला तरी लेखकाने योजलेला असतो. आपण लेखकाशी भांडू शकतो. चरित्रात भांडणार कोणाशी? मग सारा राग खबऱ्यावर निघतो. हे स्वाभाविक असले तरी अपुरे आहे; कारण त्या रागात खबर विकत घेणारी राजवट नजरेआड होते. दुसरी पळवाट अधिक मोहक : पाने उलटून थेट १५ ऑगस्ट १९४७ गाठणे. त्या पहाटे रानात असलेल्यांपैकी कोणालाही ती तारीख ठाऊक नव्हती. म्हणून हे चरित्र वाचताना २ जानेवारीपाशी काही काळ थांबावे, आणि त्या पानावर हिराजी पाटील यांचेही नाव आहे, हे पाहावे. सिद्धगडावर दरवर्षी त्या दिवशी लोक जमतात, ते दोघांसाठी.