रॉबर्ट गिल: चित्रे जळाली, संथ कॅमेऱ्याने टिपलेला अजिंठा उरला

छत्रपती संभाजीनगर: पावसाळा आला की अजिंठ्याच्या सप्तकुंड धबधब्याचे दुधाळ, रेशमी फोटो मोबाइलवर फिरू लागतात. ही कमाल संथ शटर स्पीडची. आज ती हौस आहे. याच लेण्यांत दीडशे वर्षांपूर्वी कॅमेरा लावणाऱ्या मेजर रॉबर्ट गिल यांच्यासाठी मात्र तो नाइलाज होता.

कोण होते गिल?

जन्म १८०४. मद्रास लष्करातील अधिकारी आणि चित्रकार. १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम त्यांना दिले. अजिंठा गावात राहून त्यांनी कॅनव्हासवर मोठी तैलचित्रे रंगवली. त्यांची सहचारिणी पारो १८५६ मध्ये गेली. तिची कबर आजही गावात आहे.

कॅमेरा कसा चालायचा?

पुढे गिल यांनी कॅमेरा हाती घेतला. तेव्हाच्या काचेच्या प्लेट प्रकाशाला मंद प्रतिसाद देत. भिंगाचे झाकण हाताने काढायचे, सेकंद मोजायचे, पुन्हा लावायचे. उन्हात काही सेकंद पुरत, अंधाऱ्या जागी बराच जास्त वेळ लागे. तेवढ्या वेळात हललेली पाने धूसर होत, वाहते पाणी कापसासारखे दिसे, चालता माणूस फोटोतून गायबही होई. दगडी लेणी मात्र हलत नाहीत, म्हणून ती स्वच्छ उमटत.

मग काय उरले?

१८६४ मध्ये अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यांच्यासोबत गिल यांच्या फोटोंची पुस्तके निघाली. दोनच वर्षांनी, डिसेंबर १८६६ मध्ये, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि तिथे मांडलेली त्यांची चित्रे खाक झाली. वर्षानुवर्षांची मेहनत गेली. पुस्तकांतले कृष्णधवल फोटो राहिले. त्यांत रंग नाहीत, पण तेव्हाची लेणी आहेत. गिल १८७९ मध्ये वारले. त्यांची कबर भुसावळला आहे.

मोबाइलवर कसे जमेल?

- प्रो मोड सुरू करा, आयएसओ सर्वांत कमी ठेवा.
- धबधब्यासाठी शटर पाव ते एक सेकंद ठेवा.
- मोबाइल दगडावर टेकवा, दोन सेकंदांचा टायमर लावा.
- फोटो पांढरा पडला तर ढगाळ वेळ किंवा सकाळ निवडा.
- लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे. तिथेही संथ शटरच कामी येते. फक्त हात स्थिर हवा.