प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज

आपल्या विदर्भात अमरावती जिल्ह्यात एक थोर पुरुष होऊन गेले. त्यांचे नाव गुलाबराव महाराज. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात. बुद्धी हेच ज्याचे डोळे तो प्रज्ञाचक्षू. महाराज आंधळे होते, आणि त्यांनी सव्वाशेहून अधिक ग्रंथ रचले.

त्यांचा जन्म ६ जुलै १८८१ रोजी लोणी टाकळी या आजोळच्या गावी झाला. घराणे मोहोड, वडिलांचे गाव माधान. आईचे नाव अलोकाबाई. बाळ आठ-नऊ महिन्यांचे असताना डोळ्यांचे दुखणे झाले. त्यावर चुकीचे औषध पडले आणि दोन्ही डोळे कायमचे गेले. पुढे आई पण लवकर वारली. मग आजीने त्यांना आजोळी वाढवले.

तेव्हा वऱ्हाडातल्या खेड्यात आंधळ्या मुलासाठी शाळा कुठली? ठिपक्यांची ब्रेल लिपी फ्रान्समध्ये १८२९ सालीच छापून झाली होती, पण ती तिकडे. इकडे या मुलाने एकच साधन वापरले, ते म्हणजे कान. कुणी पोथी वाचली की हा जवळ जाऊन बसायचा. भजन असले की रात्र रात्र ऐकायचा. एकदा ऐकलेले विसरायचा नाही. १८९६ साली त्यांचे लग्न झाले, संसार झाला, पण ऐकण्याचा नाद सुटला नाही. ज्ञानेश्वर माउलींवर त्यांची फार भक्ती. ते स्वतःला माउलींची मुलगी समजत.

मोठेपणी त्यांनी वाचणारे आणि लिहिणारे शिष्य जवळ ठेवले. एकाने वाचायचे, महाराजांनी ऐकायचे. महाराजांनी सांगायचे, दुसऱ्याने लिहून घ्यायचे. प्रवासात पुस्तकांचे ओझे बरोबर असे. मराठी, हिंदी, संस्कृत अशा भाषांत त्यांनी रचना केली. इंग्लंडच्या डार्विन आणि स्पेन्सर यांची मतेसुद्धा त्यांनी समजावून घेतली आणि त्यांना उत्तर लिहिले. (डार्विनबद्दल त्यांचे म्हणणे आपल्याला पटेलच असे नाही. पण आपल्यापैकी कितीजणांनी डोळे असून डार्विन वाचला?)

त्यांच्याबद्दल लोक पुष्कळ गोष्टी सांगतात. पुस्तकावर हात फिरवला की आत काय आहे ते समजायचे. माणूस न बोलता आला तरी नाव घेऊन हाक मारायचे. त्यांना दिव्यदृष्टी होती असे म्हणतात.

आता इथे मला आमच्या आबाजींबद्दल सांगावे लागते. आमचे आबाजी पण आंधळे आहेत. तरुणपणी देवी आल्या, त्यात डोळे गेले. ते अंगणात कोण आले ते पावलांवरून ओळखतात. मी चप्पल घालून आलो की अनवाणी ते सांगतात. चालता चालता भिंतीपुढे दोन हातांवर आपोआप थांबतात. विचारले तर म्हणतात, तोंडाला भिंत लागल्यासारखी वाटते. पोत्यावर हात ठेवून धान जुने की नवे ते सांगतात. मला वाटते वासाने सांगतात, पण ते हाताने म्हणतात.

मी हे गुरुजींना सांगितले. तेव्हा गुरुजींनी अमेरिकेतला एक प्रयोग सांगितला. कॉर्नेल विद्यापीठात आंधळी माणसे आणि डोळे बांधलेली डोळस माणसे यांना भिंतीकडे चालायला लावले. त्याची माहिती १९४४ साली छापून आली. प्रयोग करणाऱ्यांपैकी एकजण स्वतः आंधळा होता. काहीजण आमच्या आबाजींसारखेच म्हणत, की भिंत चेहऱ्याला समजते. म्हणून त्यांचे तोंड जाड कापडाने झाकले. तरी ते थांबलेच. मग कान बंद केले, तर सगळे भिंतीवर आपटले. म्हणजे पावलांचा आवाज भिंतीवरून परत येतो, तो कान ऐकतात, आणि माणसाला वाटते की चेहऱ्याला समजले. वटवाघूळ अंधारात उडते ते याच रीतीने. डोळस माणसेसुद्धा सरावाने हे थोडे थोडे शिकली.

मी घरी हे करून पाहिले. आबाजींना विचारूनच केले. कानात कापसाचे बोळे घातले, वरून दुपट्टा गुंडाळला. मी आणि भाऊ दोन बाजूंनी धरायला उभे होतो. आबाजी चालत आले आणि थांबलेच नाहीत. आम्ही धरले म्हणून बरे. आबाजी पुष्कळ वेळ गप्प बसले. मग हसले. इतकी वर्षे त्यांनाही ते ठाऊक नव्हते.

गुरुजी म्हणाले, पुढे शास्त्रज्ञांनी मेंदूची चित्रे काढली. लहानपणापासून आंधळा असलेला माणूस बोटांनी ब्रेल वाचतो तेव्हा मेंदूचा पाहण्याचा भाग कामाला लागतो. ती जागा ओस पडत नाही, तिथे दुसरे पीक घेतले जाते. आणि पाठांतराचे नवल कशाला? रोवण्याच्या वेळी आमच्याकडच्या बाया चिखलात उभ्या राहून दिवसभर गाणी म्हणतात. त्यातल्या कितीतरी जणी शाळेत गेल्या नाहीत. महाराजांनी तर जन्मभर दुसरे केलेच नाही. हात फिरवून पुस्तक ओळखणे सुद्धा अशक्य नाही. पुस्तकाची जाडी, बांधणी, कागदाचा वास, फाटका कोपरा. एकदा ऐकलेले पुस्तक हाताला लागले की आतले सगळे आठवत असेल.

कुणी म्हणेल, असे सांगून महाराजांना लहान का करतोस? मला तसे वाटत नाही. आयते मिळाले असते तर त्यांना रात्र रात्र ऐकावे कशाला लागले असते?

मला हे लिहावेसे वाटले त्याला कारण आहे. मागच्या वर्षी शेजाऱ्यांचा बैल हरवला. आबाजींनी सांगितले, नाल्याच्या पलीकडे पाहा. बैल तिथेच सापडला. आबाजींना रात्री घंटी ऐकू आली होती, बाकीचे झोपले होते. पण गावात झाले की आबाजींच्या अंगात वारे आहे. लोक नारळ घेऊन येऊ लागले. आबाजींनी सगळ्यांना परत पाठवले. पुढे एका घरचे मूल तापाने आजारी पडले. तेव्हा कुजबुज सुरू झाली, की ज्याला डोळ्यांशिवाय दिसते त्याला करणी पण येत असेल. नारळ आणणाऱ्यांपैकीच काही होते. मूल दवाखान्यात नेले, बरे झाले. पण वडिलांनी आबाजींना चावडीवर जाऊ देणे महिनाभर बंद केले. आपल्या भागात असल्या संशयाने माणसांचे जीव गेले आहेत, हे मोठ्यांना माहीत आहे. २०१३ साली त्याविरुद्ध कायदा झाला. पण महिनाभर आमच्या घरात रात्री कुणी नीट झोपले नाही.

गुलाबराव महाराज २० सप्टेंबर १९१५ रोजी पुण्यात वारले. वय अवघे ३४. शिष्यांनी त्यांची हस्तलिखिते सांभाळली, म्हणून ग्रंथ आज वाचायला मिळतात. चांदूर बाजारला त्यांचे भक्तिधाम आहे.

हा लेख मी आबाजींना वाचून दाखवला. त्यांनी एक चूक काढली. मी लिहिले होते की ते भिंतीपुढे एक हातावर थांबतात, ते म्हणाले दोन हातांवर. मोजून पाहिले, दोनच भरले. पालकसभेच्या दिवशी ते शाळेत येणार आहेत. ज्याला शंका असेल त्याने त्यांनाच विचारावे, ते सांगतात. फक्त त्या दिवशी व्हरांड्यात सायकली आडव्या लावू नका. भिंत ऐकू येते, सायकल येत नाही.