परदेशी पेटीचे सूर मोजणारे डेप्युटी कलेक्टर : कृष्णाजी बल्लाळ देवल

हिंगोली जिल्ह्यातलं नर्सी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. तिथल्या काय किंवा मराठवाड्यातल्या दुसऱ्या कुठल्या गावच्या काय, भजनी मंडळात टाळ-मृदंगाच्या शेजारी हार्मोनियमची पेटी दिसतेच. ती इतकी आपली झाली आहे की ती परदेशातून आली हे मुद्दाम सांगावं लागतं. नामदेव गेले त्यानंतर जवळपास पाचशे वर्षांनी, १८४२ साली, पॅरिसच्या अलेक्झांद्र दबें या कारागिराने हार्मोनियमचं पेटंट घेतलं. नामदेवांनी पेटी पाहिलीसुद्धा नव्हती.

आज हिंगोलीतला एखादा मुलगा चीन किंवा इंडोनेशियात बनलेली स्वस्त इलेक्ट्रिक गिटार घ्यायला निघाला की त्याला एकच शंका सतावते. एवढ्या पैशांत मिळणारं हे खरंच वाद्य आहे की नुसतं खेळणं? जाणकार त्याला सांगतात, रंग आणि नाव नंतर बघ, आधी बाराव्या फ्रेटवर तार दाबून सूर तपास. सव्वाशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रात नेमकी हीच शंका पेटीबद्दल होती. तेव्हा कानावर विसंबून न राहता तारेला मोजपट्टी लावणारा एक माणूस सांगलीत होता. त्यांचं नाव कृष्णाजी बल्लाळ देवल.

देवल हे आडनाव मराठी माणसाला माहीत असतं ते 'संगीत शारदा'मुळे. ते नाटक लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल हे कृष्णाजींचे धाकटे बंधू. घर सांगलीजवळच्या हरिपूरचं. गोविंदरावांचा जन्म १८५५चा, कृष्णाजींचा १८४७चा. धाकट्याने आयुष्य नाटकात घातलं, तर थोरल्याने मुंबई इलाख्यात सरकारी नोकरी केली आणि डेप्युटी कलेक्टर म्हणून ते निवृत्त झाले. महसुली कामात मोजणी, नोंदी आणि आकडे यांच्याशी रोजची गाठ असते. पुढे संगीतात त्यांनी जे केलं ते पाहिलं की ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती असं वाटतं.

त्या काळात पेटी झपाट्याने पसरत होती आणि त्याला कारणंही तशीच होती. सारंगी शिकायला वर्षं जातात, पेटीवर साधं पद काही महिन्यांत वाजू लागतं. सारंगीच्या तारा हवामान बदललं की उतरतात, पेटीच्या पितळी पट्ट्या बराच काळ आहेत तिथेच राहतात. आवाज मोठा, आणि एकाच माणसाच्या दोन हातांत सगळं काम. संगीत नाटक कंपन्यांना याहून वेगळं काय हवं होतं? १८८०मध्ये किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'ने सुरू झालेला संगीत नाटकाचा जमाना वाढत गेला तशी पेटी गावोगाव पोचली. सुरुवातीला वाद्य बाहेरून यायचं. नंतर कलकत्त्यात आणि मुंबईत पेट्या तयार होऊ लागल्या तरी आतले सूर बरेचदा युरोपातूनच मागवले जायचे.

घराणेदार गवयांना ही पेटी खटकायची. पण खटकते म्हणजे नेमकं काय, हे बहुतेकांना सांगता येत नव्हतं. कुणी ती परदेशी म्हणून नाकारायचं, कुणी नाटकवाल्यांची म्हणून. याउलट पेटीच्या बाजूचे लोक विलायती कारखान्यात बनलेली वस्तू चुकीची कशी असेल, असं म्हणायचे. देवलांचं वेगळेपण इथे आहे. त्यांनी वस्तू कुठून आली हे बाजूला ठेवलं आणि ती कोणता सूर देते एवढंच पाहिलं.

हा हिशोब समजून घ्यायला संगीत येण्याची गरज नाही. एक तार घ्या, ३६ इंचांची. मोकळी छेडली की जो सूर येतो तो सा धरा. बरोबर मध्यावर, १८ इंचांवर, वरचा सा मिळतो. २४ इंचांची तार ठेवली की पंचम, २७ इंचांची ठेवली की मध्यम आणि २८.८ इंचांची ठेवली की शुद्ध गंधार. हे सगळे साधे अपूर्णांक आहेत. तंबोरा नीट लागलेला असला की त्यातून असाच गंधार आपोआप ऐकू येतो आणि गवई त्यालाच गळा मिळवतो.

युरोपातली पेटी मात्र वेगळ्या हिशोबाने लावलेली असते. तिथे एकच वाद्य कुठल्याही पट्टीतून वाजावं लागतं, म्हणून सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग पाडतात. त्यामुळे चूक सगळ्या स्वरांत वाटली जाते. पंचमात ती जवळजवळ कळत नाही, गंधारात मात्र चांगलीच कळते. त्या ३६ इंची तारेवर पेटीचा गंधार २८.५७ इंचांवर येतो, म्हणजे जवळपास पाव इंच सरकलेला. कंपनांत सांगायचं तर सा सेकंदाला २४० धरला, तर तंबोऱ्याचा गंधार ३०० आणि पेटीचा सुमारे ३०२.४. हे दोन गंधार एकत्र वाजले की सेकंदाला दोन-अडीच वेळा आवाज लाटेसारखा वरखाली होतो. गवयाला जे टोचत होतं ते हे. गिटारचे फ्रेटही याच बारा समान भागांच्या हिशोबाने बसवतात, त्यामुळे उत्तम गिटारसुद्धा या चुकीतून सुटत नाही. स्वस्त गिटारीत त्यावर कारागिराची चूकही चढते, एवढाच फरक.

देवल केवळ पाश्चात्त्य पेटीतली चूक दाखवून थांबले नाहीत. भरताच्या नाट्यशास्त्रापासून आपल्या ग्रंथांत एका सप्तकाच्या २२ श्रुती सांगितल्या आहेत. त्या श्रुती नेमक्या कुठे आहेत हे त्यांना आकड्यांत मांडायचं होतं. त्यांनी जुने ग्रंथ वाचले, तारेवर सूर मोजले आणि मोजायला गळा निवडला तो अब्दुल करीम खाँ यांचा. किराणा घराण्याचे हे गायक सुराच्या बाबतीत अतिशय काटेकोर म्हणून ओळखले जायचे. पुढे मिरज हेच त्यांचं गाव झालं. एवढा मोठा गवई निवृत्त डेप्युटी कलेक्टरच्या प्रयोगासाठी गायला तयार झाला, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. बरेच उस्ताद आपली विद्या शागिर्दालाही राखून द्यायचे.

१९०८मध्ये देवलांचं पूर्व आणि पश्चिमेच्या संगीताची तुलना करणारं इंग्रजी पुस्तक आलं. १९१०मध्ये २२ श्रुतींवरचं पुस्तक आलं, तेव्हा ते साठी ओलांडलेले होते. त्यात श्रुतींची स्थानं अपूर्णांकांत आणि कंपनांत दिली होती. ते वाचून इंग्रज आयसीएस अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स त्यांच्याकडे ओढले गेले. क्लेमंट्स पेशाने न्यायाधीश. दोघांनी मिळून पश्चिम भारतातली फिलहार्मोनिक सोसायटी उभी केली. १९१३मध्ये क्लेमंट्सचं भारतीय संगीतावरचं पुस्तक निघालं, त्याचा पाया देवलांच्याच कामाचा होता.

मग दोघांनी पुढची पायरी चढली आणि श्रुतींची पेटी करून घेतली. नेहमीच्या पेटीत सप्तकाला बारा पट्ट्या असतात. या पेटीत जादा पट्ट्या आणि जादा सूर होते, म्हणजे रागाप्रमाणे हवा तो गंधार, हवा तो धैवत निवडता यावा. गंमत अशी की परदेशी पेटीची चूक सुधारणारी ही भारतीय पेटीसुद्धा बनली लंडनमध्येच.

तिची खरी परीक्षा मार्च १९१६मध्ये बडोद्यात झाली. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाखाली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली होती आणि तिच्यामागे होते पंडित विष्णु नारायण भातखंडे. देशातले नामांकित गवई, ग्रंथांचे जाणकार आणि संस्थानिकांची माणसं जमली होती. देवल आणि क्लेमंट्स यांनी आपली पेटी सभेपुढे ठेवली. ती मान्य झाली असती तर हिंदुस्थानी संगीताचे सूर आकड्यांत कायमचे नोंदले गेले असते. पण सभेने ती मानली नाही.

याला दोन कारणं होती. प्रत्येक मोठा गवई एकाच रागातला एकच स्वर थोडा वेगळा लावतो. मग प्रमाण कुणाचं मानायचं, अब्दुल करीम खाँचं की आणखी कुणाचं? शिवाय जुन्या ग्रंथांतल्या श्रुती म्हणजे आज आपण गातो तेच सूर, हे गृहीत धरायला भातखंडे तयार नव्हते. त्यांनी आपली रागपद्धती बारा स्वरांवर रचली होती. म्हणजे विद्वानांच्या सभेत जिंकलेली पद्धत नेमकी बाजारातल्या साध्या पेटीवर सहज बसणारी होती, आणि सुरांची एवढी काळजी घेणारी पेटी हरली.

देवलांवर इथे अन्याय झाला असं म्हणावंसं वाटतं, पण ते पूर्ण खरं नाही. त्यांचं मोजमाप चांगलं होतं, निष्कर्ष मात्र जरा जास्तच ठाम होता. १९६३मध्ये जैराजभाय आणि स्टोन या अभ्यासकांनी यंत्रांवर हिंदुस्थानी वादकांचे स्वर तपासले, तेव्हा स्वरस्थान कलाकारागणिक बदलतंच, पण एकाच कलाकाराच्या वादनातही हलतं असं दिसलं. शिवाय मींड हा प्रश्न राहिलाच. दरबारीचा कोमल गंधार हलता असतो, पट्टी कितीही अचूक असली तरी ती एका जागी उभीच राहते. पट्ट्या वाढवून हा दोष जात नाही.

आणि पैशांचं काय? जादा सूर, जादा पट्ट्या म्हणजे जादा खर्च आणि दुरुस्तीला जादा डोकेदुखी. पेटीवाल्याला बोटांची सवय नव्याने करावी लागणार. शिवाय गवई बदलला की सा बदलतो, एकाचा काळी एक, दुसऱ्याचा पांढरी चार, आणि शुद्ध अपूर्णांकांत लावलेली पेटी सा हलला की अडचणीत येते. पेटी गावात पोचली होती ती स्वस्त, सोपी आणि दणकट म्हणून. देवलांच्या पेटीत सूर सुधारला, पण हे तिन्ही गुण कमी झाले. भजनी मंडळाने ती घेण्याचं काहीच कारण नव्हतं.

बडोद्याच्या परिषदेनंतर तीन महिन्यांत, जून १९१६मध्ये, गोविंदराव गेले. कृष्णाजींनी काम थांबवलं नाही. सोसायटीकडून रागांचं इंग्रजी पुस्तक निघालं, श्रुतींवरचं लिखाण चालू राहिलं. वयाच्या ८४व्या वर्षी, १९३१ साली त्यांचं निधन झालं.

त्यानंतर नऊ वर्षांनी, १९४०मध्ये, ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. पेटीचे सूर आपल्या संगीताशी जुळत नाहीत हा तेव्हाचा मुख्य आक्षेप होता, म्हणजे देवलांनी तीस वर्षं आधी आकड्यांत मांडलेली तक्रार. फरक इतकाच की देवलांना वाद्य दुरुस्त करायचं होतं आणि रेडिओने ते दाराबाहेर ठेवलं. ही बंदी सुमारे तीन दशकं टिकली. तोवर खेड्यातल्या मंदिरांत, कीर्तनांत आणि शाळांत पेटी वाजतच राहिली.

अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची नवी हार्मोनियम तयार केली आहे. पण मैफलीत साथ करणारे बरेच वादक याहून साधा मार्ग धरतात. पेटी दुरुस्त करणाऱ्याकडे बसून, एकच सा ठरवून, ते तंबोऱ्याशी जुळेल अशी पेटी लावून घेतात. पितळी पट्टी टोकाला घासली की सूर चढतो आणि मुळाशी घासली की उतरतो. शुद्ध गंधाराची पट्टी मुळाशी किंचित घासली जाते आणि ३०२.४चे ३०० होतात. पेटीच्या कारखान्यांत या पद्धतीला गांधार ट्यूनिंग म्हणतात.